वाळत ठेवलेली खोली

अरे,

टेबलावर ताट ठेवू नकोस, चित्र ओलं आहे. रंगात गोंद कालवून जाड केलाय आणि काट्याने ओरखडलाय, म्हणून वाळायला वेळ लागतोय. काटा शाळेत नेतेय. नूडल्स चमच्याने खा.

चित्र आपल्या झोपायच्या खोलीचं आहे. तिसरीच्या मुलांना म्हटलं होतं, त्या जुन्या चित्रकाराने स्वतःची झोपायची खोली काढली होती, तशी आपापली खोली काढा. पलंग वाकडा झाला तरी चालेल, रंग मात्र हात राखून लावायचा नाही. नमुना म्हणून मी आपली काढून नेली.

पुढच्या बाकावरची चिमणी म्हणाली, "बाई, तुमच्याकडे उशी एकच?"

"दोन आहेत गं. घाईत राहिली."

"आणि चपला पण एकाच माणसाच्या."

मागून कोणीतरी म्हणालं, "बाईंचंच काम अपुरं." सगळा वर्ग हसला. मीही हसले.

घरी येऊन दुसरी उशी काढली. पुढे तुझं काय काढायचं, सुचेना. तू रात्रपाळीहून येतोस तेव्हा मी शाळेत, मी येते तेव्हा तू निघालेला. खुंटीला हल्ली काय अडकवतोस? भिंतीकडे तोंड करूनच झोपतोस का अजून?

(कागद आडवा धर, जागा संपली.)

निळा आणि पिवळा वाटीत झाकून ठेवलेत. झोपण्याआधी चित्रात तुझं काहीतरी काढ. जमत नाही म्हणू नकोस, मुलंही आधी तेच म्हणतात.

आणि काय काढलंस ते चिठ्ठीत लिहू नकोस. मधल्या सुट्टीत फोन करते, तोंडाने सांग.