माजघराच्या दाराशी अंथरूण

अण्णा, तुमच्या घरी कोणी रात्रीपुरती जागा मागितली आणि तुम्ही नाही म्हणालात, असं मला एकदाही आठवत नाही. म्हणूनच हे तुम्हाला लिहिते आहे. ज्या संध्याकाळी मला आणि तुमच्या धाकटीला कोणी जागा देईना, त्या संध्याकाळी मी सगळ्यात जास्त तुमच्यावर चिडले होते. पायी आलेल्या माणसाला दार उघडतं, अशा भलत्याच समजुतीत तुम्ही आम्हाला वाढवलंत.

तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला आहे की मधे काय झालं ते आधी सांगायला हवं. एक साथ आली. प्लेगच्या गोष्टी तुम्ही तुमच्या आजोबांकडून ऐकल्या होत्यात, तशीच; फरक इतकाच की प्लेगात लोक घरं सोडून रानात राहायला गेले आणि ह्या साथीत घरात कोंडून बसले. माणूस माणसापासून हातभर लांब उभा राहायला शिकला. साथ ओसरली, तोंडावरची फडकी गेली, पण दारं काही पूर्वीसारखी उघडली नाहीत. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो, असं तुम्ही आम्हाला परकराच्या वयात घोकायला लावलंत. आता अतिथीने आधी फोन करायचा, आधार कार्डाचा फोटो पाठवायचा आणि तिथी ठरवून मगच यायचं. तुमची व्युत्पत्ती जुनी झाली, अण्णा.

गोदावरीची परिक्रमा करायची हे तुमचं मनातलं, राहून गेलेलं. घरातल्या कोंडवाड्यातून सुटल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, अण्णांची परिक्रमा आपण करू. नाहीतरी तुझे गुडघे पुढच्या वर्षी हो म्हणतील याची खात्री नाही." तर त्र्यंबकहून निघालो. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि कुठेही ओलांडायची नाही, हा नियम तुम्हीच येणाऱ्याजाणाऱ्या परिक्रमावाल्यांना समजावून सांगायचात. नाशिकपर्यंत ओळखीची घरं होती, पंचवटीत तर आपलंच. त्याच्यापुढे मात्र ओळखीचं कोणी नाही. पूर्वी जिथे मुक्काम पडायचे त्या धर्मशाळांना कुलपं, एकीत कांद्याच्या गोण्या, देवळांच्या सभामंडपांना लोखंडी जाळ्या. पायांचं दुखणं रात्री थांबतं, पण रात्र कुठे काढायची ही भीती दुपारीच सुरू होते. हे चालण्याच्या पुण्यात कोणी धरत नाही.

सायखेड्याच्या पुलाशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आम्ही ह्या तीरावर, सायखेडा त्या तीरावर. इकडच्या देवळाची किल्ली ज्याच्याकडे होती तो भला माणूस होता, पण किल्ली काही खिशातून बाहेर काढेना.

"नाय ताई, मुक्कामाला बंद केलंय कमिटीनं. करोनापासून बंदच हे."

"आम्ही बाहेर ओट्यावर पडू."

"ओट्यावर? ह्या अंगाला बिबट्या हाय. परवाच आमची शेळी वढून नेली उसात." भाजीचा भाव सांगावा तसं त्याने सांगितलं. "तुम्ही पुलापल्याड जा ना. सायखेड्यात होईल सोय."

धाकटीने लगेच पिशवी खांद्याला लावली. मी म्हटलं, "परिक्रमेत नदी ओलांडत नाहीत."

"हे बिबट्याला सांग. संस्कृतात सांग, म्हणजे त्याला पटेल."

"लय कडक हायेत तुमच्या ताई," तो माणूस हसला.

मी कडक वगैरे काही नव्हते. पुलाच्या तोंडाशी तीनचार पोरं मोटारसायकली आडव्या लावून उभी होती आणि त्यातल्या एकाने आमच्याकडे बघत गाडी उगाचच गुरगुरवली होती. मला त्यांची भीती वाटली. उसाचीही वाटत होती, पण उसातला अजून दिसला नव्हता. धाकटीला मात्र मी नियमाचं कारण दिलं. शास्त्र अशा वेळी फार उपयोगी पडतं. त्या माणसाने मग हाताने दाखवलं, की पुढे मळ्यात एक वस्ती आहे, म्हातारी आणि तिची सून दोघीच असतात, विचारून बघा.

ती वाट मला अजून पायाखाली जाणवते. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या, आणि वारा नसताना कुठेतरी आत पाचट वाजतं आहे. धाकटीने मोबाइलवर भजन मोठ्याने लावलं आहे. भक्तीने नव्हे, आवाजाने जनावर लांब राहतं म्हणून. मी मागे वळून बघायचं नाही असं ठरवते आणि दर दहा पावलांना बघते. माझ्या हातात तुमची जुनी काठी आहे, आणि ती नुसती टेकायची काठी आहे हे मला माहीत आहे. मग कुत्रं भुंकतं. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

म्हातारी खिडकीच्या गजांमागून बोलली. दार बंदच. "कोण हे?"

"परिक्रमेच्या बाया आहोत, आजी. रात्रीपुरती जागा मिळेल का?"

"कुठल्या?"

इथे मी माती खाल्ली. नाशिकच्या, एवढं म्हणून थांबायचं होतं. पण लहानपणापासून आपल्या घराची ओळख सांगताना मान जरा ताठ होते ना, तशी ती झाली आणि मी म्हणाले, "पंचवटीतल्या. रामकुंडावरच्या उपाध्यांच्या मुली." ह्या वाक्याला दार उघडलं नाही असं तोवर झालं नव्हतं.

खिडकीची झडप लागली. आतून आवाज आला, "नाय बाई. रामकुंडाचं माणूस नको माझ्या दारात." आणि थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, "साथीत ल्योक गेला माझा. तोंड नाय दाखवलं आम्हाला. गाडग्यात राख दिली, ती तिथं सोडून आलो. तवापासून ते नाव नको."

आपलं ते नाव लोक तीर्थ म्हणून घेतात, हे मी धरून चालले होते. ते कोणाला शेवटचं ठिकाण म्हणून आठवत असेल, हे तुमच्या मुलीला सुचलंही नव्हतं. आम्ही ओट्यावर टेकलो. मागे जायला उजेड नव्हता, पुढे जायला धीर नव्हता. धाकटीने माझा हात धरला होता. कुत्रं उसाकडे तोंड करून गुरगुरायला लागलं.

कडी वाजली. "आत या. कुत्रं उगं नाय गुरगुरत. पण ऐका, सुनंपुढं त्या कुंडाचं नाव काढायचं नाय. काढलं तर आत्ता उठवीन, मग बिबट्या असो का आणखी कोण."

सून विशीबाविशीची, गप्प. तिने भाकरी आणि मेथीची भाजी वाढली आणि सहज विचारलं, "कुठून आल्या तुम्ही?" म्हातारीचा तवा पुसणारा हात थांबला. धाकटी म्हणाली, "त्र्यंबकहून चालत निघालोय." तेही खरंच होतं. "लांब हे," असं म्हणून सुनेने आणखी भाजी वाढली, आणि म्हातारी पुन्हा तवा पुसायला लागली.

निजायच्या वेळी म्हातारीने बाहेरच्या दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली पदराला बांधली, आम्हाला बाहेरच्या खोलीत सतरंजी दिली आणि स्वतःची वाकळ आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर पसरली. काठी उशाशी. आत सून. धाकटी माझ्या कानात म्हणाली, "ताई, कोंडलं गं आपल्याला." मी तिला म्हटलं, झोप, काही नाही. दातावर दात वाजू नयेत म्हणून पदर तोंडात धरून मी पडून राहिले. भिंतीपलीकडे जनावर, दाराला कुलूप आणि उंबऱ्यावर काठी घेतलेली बाई. ह्यातल्या कशाला जास्त भ्यायचं तेच ठरेना.

उजाडल्यावर तिने चहा दिला तेव्हा मी धीर करून विचारलं, "आजी, तुम्ही उंबऱ्यात का झोपलात?"

"भ्या वाटत व्हतं."

"बिबट्याचं?"

"बिबट्याला कुलूप हे की." तिने कप माझ्या हातात दिला. "तुमचं."

धाकटी चहा सांडेपर्यंत हसली. म्हातारीही हसली. मला हसू येईना, अण्णा, कारण मला तुमची पातळ सतरंजी दिसत होती. आपल्याकडे कुंडावरच्या विधींसाठी लांबून आलेले तुमचे यजमान उतरायचे, कधी चार, कधी दहा. आधी पाय धुवा, मग गाव सांगा, असं तुम्ही म्हणायचात. ते ओसरीवर निजायचे, आम्ही आईजवळ माजघरात, आणि तुम्ही माजघराच्या दारात आडवे. चोरांपासून पाहुण्यांना जपता, असं मी शाळेत निबंधातसुद्धा लिहिलं होतं. पण चोर येणार रस्त्याच्या दाराने. तुम्ही त्या दाराशी कधीच निजला नाहीत. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणालात, "मी घोरतो ना, म्हणून तुझ्या आईने हाकललंय." आई हसली नव्हती. आणि रात्री कधी जाग आली तर घोरणं ऐकू आलेलं मला आठवत नाही.

आम्ही पैठणपर्यंत पोचलो. उरलेली पुढच्या वर्षी, असं दरवर्षी म्हणतो. मुक्काम मिळत गेले. मी फक्त "त्र्यंबकहून" एवढंच सांगत गेले. हे पत्र नदीत सोड, असं धाकटी म्हणते. मी सोडणार नाही. तिच्यात लोकांनी आधीच पुष्कळ सोडलं आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या फ्लॅटची बेल वाजली. परिक्रमेतले दोन पुरुष, दाढ्या वाढलेल्या, देवळाला कुलूप म्हणून कोणीतरी आमचं दार दाखवलेलं. नवरा गावाला गेलेला, आत लेक अभ्यास करत बसलेली. मी म्हटलं, आधी पाय धुवा. त्यांना जेवायला घातलं, बाहेरच्या खोलीत गाद्या घातल्या आणि माझी गादी लेकीच्या खोलीच्या दारात ओढली. लेक म्हणाली, "आई, इथे काय?" मी म्हटलं, "इथे पंख्याचा वारा लागतो." सकाळी जाताना ते म्हणाले, फार शांत झोप लागली, ताई.

पंखा लावलाच नव्हता, अण्णा. दार उघडताना माझा हात कापत होता. तुमचा कापायचा का, हे विचारायचं राहूनच गेलं.