केसपेपरवरची बारा वर्षं

१२ जून

प्रिय भाऊजी,
स. न. वि. वि.

ह्यांना जाऊन काल तीन महिने झाले. मी बरी आहे, जेवण-झोप होते आहे.

कामासाठी लिहिते. विमा कंपनीने डायलिसिस, इंजेक्शनं, शेवटचे अकरा दिवस, सगळ्याचा क्लेम नाकारला. त्यांच्या मते ह्यांना बारा वर्षांपासून मधुमेह होता आणि नऊ वर्षांपूर्वी पॉलिसी घेताना ह्यांनी तो लपवला. खरं तर तो सात वर्षांपूर्वी कळला, चष्म्याचा नंबर तपासताना. तेव्हाचा रक्ताचा रिपोर्ट मी दाखवला. पण हॉस्पिटलच्या केसपेपरवर बारा लिहिलंय, आणि खाली माहिती देणारा म्हणून तुमची सही आहे.

पैशांची गरज आहेच, नाही कशाला म्हणू? पण ज्या माणसाने जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले, केसभर फरक राहिला तरी काटा पुन्हा उघडला, त्याच्या नावापुढे ‘माहिती लपवली’ हे मी राहू देणार नाही. बारा कुठून आले, कळवा. रागावलेले नाही.

धाकट्या जाऊबाईंना आशीर्वाद. आहे तो लोभ तसाच ठेवा.
वहिनी

२० जून

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

बारा मीच सांगितले. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तुम्ही आत दादाजवळ होतात. दुकानाच्या वाटणीवरून आठ वर्षं मी तुमच्या घराची पायरी चढलो नव्हतो. मला काही ठाऊक नव्हतं. पण सख्खा भाऊ म्हणून उभा होतो. माहीत नाही कसं म्हणू? त्यात सव्वीस वर्षांची मास्तरकी. दिलं ठोकून.

आता प्रतिज्ञापत्र करायचं, तर घरचं भांडण नोटरीसमोर मांडावं लागेल. लिहायला बसलो की हात अडतो. चुकून सांगितलं, एवढंच लिहिलं तर चालेल का?

बोल लावा, पण उत्तर द्या.
तुमचा मास्तर

३ जुलै

प्रिय भाऊजी,
स. न.

विमा कंपनीत विचारून आले. चालणार नाही. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, चुकून असं सगळेच लिहितात.

आहे तेच लिहा. हेही आठ वर्षं तुमच्याकडे फिरकले नव्हते, तेही लिहा. टाळी एका हाताने वाजत नाही. नोटरीला आपल्या भांडणाचं काही पडलेलं नाही, त्याला जेवायला जायची घाई असते.

वाट पाहते.
वहिनी

३० ऑगस्ट

प्रिय भाऊजी,
स. न. वि. वि.

क्लेम मंजूर झाला. तुमचं प्रतिज्ञापत्र आणि तो रिपोर्ट पाहून हॉस्पिटलने केसपेपर दुरुस्त करून दिला. विम्याचे साहेब म्हणाले, पैसे जमा होतील, आता काय राहिलं? मी म्हटलं, ते वाक्य राहिलं. मागे घेतल्याचं लेखी द्या. ते हसले. मी बसून राहिले. काल पत्र आलं, ह्यांनी माहिती लपवली नव्हती असं, सही-शिक्क्यासह. प्रत सोबत आहे.

आता वही-पेन घ्या. मला रक्तदाब आहे, तीन वर्षांपासून. रोज सकाळी एक गोळी. पेनिसिलिन चालत नाही. नीट उतरवून घ्या, कारण उद्या माझा केसपेपर निघाला, तर माहिती द्यायला तुम्हीच उभे राहणार आहात.

येणं-जाणं ठेवा, लोभ आपोआप राहील.
तुमची वहिनी