कुठल्याही लिंकवर क्लिक न करण्याचं वर्ष

४ जानेवारी, सकाळी सव्वासात

आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं.

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. पाच विषयांपैकी तीन पास. म्हणजे साठ टक्के यश. एवढे टक्के मला शाळेतही कधी पडले नव्हते. उरलेले दोन, प्रोग्रामिंग आणि नेटवर्किंग, मे महिन्यात पुन्हा द्यायचे. त्याचा वेगळा फॉर्म असतो, निघाला की कळवतील. ते दोन सुटले नाहीत तर सेकंड इयरला प्रवेश नाही. पहिलं वर्ष पुन्हा पहिल्यापासून.

पण ती वेळ येणार नाही, कारण लेक. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे आणि तिला याच कॉलेजात, याच कोर्सला यायचं आहे. सायबर सिक्युरिटी. बावीस वर्षं गोडाऊन सांभाळल्यावर माझी जागा एका सॉफ्टवेअरने घेतली, तेव्हा मी पंचेचाळिसाव्या वर्षी शत्रूच्या गोटात शिरायचं ठरवलं. ते बघूनच तिला ही आवड लागली असणार. ती जुलैत फर्स्ट इयरला येईल तेव्हा मी सेकंड इयरला असेन. तिचा सीनियर! नोट्स देईन. कुठल्या सरांच्या तासाला कुठे बसावं ते सांगेन. हे मी तिला, बायकोला, सासऱ्यांना आणि खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना सांगून बसलो आहे.

७ जानेवारी

वेळापत्रक तयार. चार रंगांत. पहाटे पाच ते सात प्रोग्रामिंग (लाल). बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा डोस बघते. म्हणाली, वेळापत्रकालाच तीन दिवस गेले, आता अभ्यासाला किती देणार? बोलण्यात खोच होती. दुर्लक्ष केलं.

८ जानेवारी, सकाळी नऊ

पाचला उठणं झालं नाही. गजर झाला होता, पण वेळापत्रकात गजर बंद करायला वेळच धरलेला नव्हता. नव्याने आखावं लागेल.

१९ जानेवारी

वर्गातल्या पोरांनी मला टोपणनाव दिलं. फायरवॉल. म्हणजे बाहेरचं काही आत शिरू न देणारी भिंत. एकोणीस वर्षांच्या मुलांकडून एवढा आदर! भरून आलं. घरी सांगितलं तर लेक म्हणाली, बाबा, काही शिकवलं तरी आत शिरत नाही म्हणून तर नाही ना? अजून शाळेत आहे. समजेल हळूहळू.

३ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहू नये असं वाटतं. पण खरं लिहायचं ठरलं आहे.

लॅबच्या मॅडमनी परवा सगळ्या वर्गाला गुपचूप एक खोटी मेल पाठवली होती. तुमचं पार्सल अडकलं आहे, खालच्या लिंकवर माहिती भरा. परीक्षा घेत होत्या. अशा फसव्या मेलला आमच्यात फिशिंग म्हणतात. गळ टाकायचा आणि कोण लागतंय ते बघायचं. साठ जणांपैकी एक जण लागला. त्याने पासवर्ड दिला. शिवाय शेरा लिहायच्या रिकाम्या जागेत आईचं माहेरचं आडनावही लिहिलं. ते कोणी विचारलंही नव्हतं.

मॅडम सभ्य आहेत, नाव घेतलं नाही. पडद्यावर नुसतं आलं: एक विद्यार्थी, वय पंचेचाळीस.

माझं पार्सल खरंच यायचं होतं, हे कोणी लक्षात घेत नाही.

४ फेब्रुवारी

प्रतिज्ञा. यापुढे कुठल्याही लिंकवर क्लिक करणार नाही. कुठल्याही म्हणजे कुठल्याही. मॅडमनी फिशिंगची सात लक्षणं दिली आहेत: घाई, धमकी, लिंक, माहितीची मागणी, अनोळखी पत्ता, शुद्धलेखनाच्या चुका, आणि नावाऐवजी ‘प्रिय विद्यार्थी’. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून लॅपटॉपच्या वर चिकटवली. त्यासाठी वेळापत्रक काढावं लागलं. जागा एकच होती.

२३ फेब्रुवारी

कॉलेजच्या मेलमध्ये ‘संशयास्पद’ असं एक बटण आहे. दाबलं की मेल थेट मॅडमकडे जाते. गेल्या एकोणीस दिवसांत मी सदतीस मेल पकडल्या. त्यांत वाचनालयाची पुस्तक परत करा अशी धमकी, दातांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट (ते खालच्या मजल्यावर राहतात, मेल कशाला करतील?) आणि बायकोने पाठवलेला सासऱ्यांचा फोटो. मॅडम जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, आता थोडं कमी केलंत तरी चालेल. माझ्या प्रकृतीची काळजी वाटते त्यांना.

प्रोग्रामिंगला हात लागलेला नाही. पण पहारा आणि अभ्यास एकाच माणसाने किती करायचा?

११ मार्च, दुपारी दोन

मोठा मासा! आज आलेली मेल:

प्रिय विद्यार्थी, राहिलेल्या विषयांचा परिक्षा अर्ज ३१ मार्चपूर्वी भरणे. अन्यथा परीक्षेस बसता येणार नाही. खालील लिंकवर माहिती भरावी.

घाई आहे. धमकी आहे. लिंक, माहिती, प्रिय विद्यार्थी, सगळं आहे. शिवाय ‘परीक्षा’तली री ऱ्हस्व. सातपैकी सहा! म्हणे परीक्षा विभाग. हसू आलं. डिलीट.

वर्गाच्या ग्रुपवर सावधानतेचा इशारा टाकला. पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, मला अशी मेल आलेली नाही. मग एकेकाने सांगितलं, आम्हालाही नाही. म्हणजे सगळ्या वर्गात फक्त मला आली. याला स्पिअर फिशिंग म्हणतात. नेम धरून एकाच माणसावर हल्ला. असले हल्ले बँकांच्या डायरेक्टरांवर होतात असं पुस्तकात आहे. मी त्या यादीत कसा गेलो, याचा विचार करतोय.

चष्मेवालीने नंतर खाजगीत लिहिलं, काका, आमचा कोणाचा विषय राहिलेला नाही, म्हणून आली नसेल. पोरीला अजून हल्लेखोराचं मन कळत नाही.

१८ मार्च

पुन्हा तीच मेल. ‘अंतिम सूचना’. चिडले आहेत. त्यांचा अख्खा पत्ताच ब्लॉक केला. आता तिथून काही म्हणजे काही येणार नाही.

२२ मार्च, सकाळी साडेअकरा

फोन! एक पुरुष, थकलेला आवाज. परीक्षा विभागातून बोलतोय, तुमचा फॉर्म आलेला नाही म्हणाला. मी शांत राहिलो. विचारलं, तुम्ही परीक्षा विभागातलेच कशावरून? म्हणाला, मी खिडकीवर बसतो, तुम्ही मला बघितलंय. म्हटलं, तुमचा कर्मचारी क्रमांक सांगा. सांगितला. जन्मतारीख? तीही सांगितली. आईचं माहेरचं आडनाव विचारल्यावर मात्र फोन आपटला.

सापडला! नंबर ब्लॉक. बायकोलाही दुकानात फोन करून सांगितलं, या नंबरवरून कोणी बोललं तर एक अक्षर बोलू नकोस. तिने विचारलं, पण खरंच कॉलेजातला असला तर? म्हटलं, हेच, अगदी हेच त्यांना हवं असतं.

२७ मार्च

टोळी जबरदस्त आहे. आता पोस्टाने पत्र. कॉलेजचं बोधचिन्ह, सही, गोल शिक्का. शिक्का तर हुबेहूब, शाई कडेला फिसकटलेली सुद्धा. एवढी मेहनत सरळ मार्गाने केली असती तर कुठल्या कुठे पोचले असते.

पत्र पुरावा म्हणून फाइलला लावलं. लेक म्हणाली, बाबा, कॉलेज बसने वीस मिनिटांवर आहे, खिडकीवर जाऊन नुसतं विचारून या. मी समजावलं की हल्लेखोराने आखलेल्या वाटेने चालायचं नसतं. त्यावर तिने माझंच पुस्तक उघडून दाखवलं. प्रकरण चौथं: शंका आल्यास संबंधित कार्यालयात स्वतः जाऊन खात्री करावी. मी अजून तिसऱ्यावर आहे. उगाच पुढचं वाचून गोंधळ होतो.

१ एप्रिल

कालची तारीख गेली. काहीही झालं नाही. धमकी पोकळ होती, हे सिद्ध झालं.

उद्या वर्गात माझं प्रेझेंटेशन आहे. विषय मीच मागून घेतला: ‘माझ्यावरील हल्ला: एक जिवंत उदाहरण’. बावीस स्लाइड. लेकीलाही ये म्हटलं होतं. तिची परीक्षा आहे.

२ एप्रिल, दुपारी

स्लाइड आठपर्यंत उत्तम गेलं. मेल दाखवली, लक्षणं मोजली, पोरं मान डोलावत होती. नवव्या स्लाइडवर पत्राचा फोटो आला. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. विचारलं, काका, हे पत्र खरंच तुम्हाला आलं? मी अभिमानाने हो म्हटलं. त्यांनी विचारलं, आणि फॉर्म? तो भरलात ना?

मी म्हटलं, कुठला फॉर्म?

मॅडम उठल्या आणि जिना उतरून परीक्षा विभागाकडे निघाल्या. जवळजवळ पळतच. वर्गात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मागच्या बाकावरचा सगळ्यात टवाळ पोरगा उठला आणि त्याने प्रोजेक्टर बंद केला. मला म्हणाला, काका, बसा जरा.

३ एप्रिल

खिडकी. आतल्या माणसाने मान वर न करता माझा आवाज ओळखला. म्हणाला, आयकार्ड दाखवा. दाखवलं. जन्मतारीख? सांगितली. मग पुढचा प्रश्न विचारणार होता, तेवढ्यात माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि राहू दे म्हणाला. भला माणूस. त्याने मोजून दाखवलं: मला तीन मेल, एक फोन, एक पत्र. मेल दोन नव्हत्या, तीन होत्या. तिसरी मी ब्लॉक केल्यावर आली.

विभागप्रमुखांना अर्ज दिला. उशीर होण्याचं कारण या रकान्यात काय लिहावं सुचेना. शेवटी लिहिलं, अतिदक्षता. त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, तुमची तळमळ कळते, पण तारीख ती तारीख. एकाला सोडलं की रांग लागते.

९ एप्रिल

घरी अजून सांगितलं नाही. सकाळी दप्तर घेऊन निघतो, वर्ग टाळून वाचनालयात बसतो. वाचनालयातल्या बाईंनी ते पुस्तक पुन्हा मागितलं. मेल पाठवली होती म्हणाल्या. देऊन टाकलं.

११ एप्रिल

बायकोला सांगितलं. ती गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होती, मोजणं थांबवलं नाही. मोजून झाल्यावर म्हणाली, तो माणूस मलाही फोन करत होता. चार वेळा. तू बोलू नकोस म्हणालास म्हणून मी बोलले नाही.

आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं तिने.

मग म्हणाली, तिला तू सांग. मी नाही सांगणार.

१२ एप्रिल

लेकीची परीक्षा संपेपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलं. तिच्या मनावर परिणाम नको. माझ्या भित्रेपणाचा याच्याशी काही संबंध नाही.

३० एप्रिल

परीक्षा संपली. सांगितलं. मला वाटलं ती हसेल, नाहीतर चिडेल. तिने विचारलं, पण मग तुम्ही जाताय ना पुढे? सोडत नाही ना? म्हटलं, छे! ती म्हणाली, गिटारचा क्लास सोडलात, तेव्हाही आधी तुम्ही छे म्हणाला होतात. मला एकदम फार वाईट वाटलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच.

२० मे

दुसऱ्या सेमिस्टरचे पेपर झाले. इमेल सुरक्षेच्या प्रश्नावर सहा पानं लिहिली.

२६ जून

निकाल. पाचही पास. इमेल सुरक्षेत वर्गात सर्वाधिक. मॅडमनी स्वतः फोन केला. मी कर्मचारी क्रमांक विचारला नाही.

पण जुने दोन बाकी आहेतच. पहिलं वर्ष पुन्हा. पाच पास होऊनही तेच, नियम तसाच आहे. हजेरीही पूर्ण लागणार.

११ जुलै

प्रवेशाची यादी लागली. लेकीचं नाव वरून सहावं. मी नोटिस बोर्डासमोर सगळ्यांदेखत रडलो. खिडकीतल्या माणसाने बाहेर येऊन तिचं अभिनंदन केलं. मला म्हणाला, तुमचं पण.

हजेरी क्रमांक आडनावाप्रमाणे देतात. ती एकेचाळीस. मी बेचाळीस.

१५ जुलै

कॉलेजचा पहिला दिवस. ठरल्याप्रमाणे ती आधीच्या बसने गेली, मी नंतरच्या. वर्गात बोलायचं नाही, डबा वेगळा खायचा, आणि ‘बाळा’ अशी हाक अजिबात मारायची नाही. मला मान्य होतं. मीही ठरवलं होतं की कोणी विचारलं तर योगायोगाने आडनाव एक आहे, असं सांगायचं.

हजेरी घेताना नव्या सरांनी विचारलंच, एकेचाळीस, बेचाळीस, तुम्ही नात्यातले का? मी तोंड उघडायच्या आत ती उभी राहिली. म्हणाली, हो, माझे बाबा आहेत. मोठ्याने. सगळा वर्ग वळून बघायला लागला. ती बसली आणि वहीत तारीख लिहायला लागली. मीही तारीख लिहिली, चुकून दोनदा.

दुपारी लॅब. दोघांत एक कॉम्प्युटर, ओळीने क्रमांकाप्रमाणे जोड्या. आमचा दोघांचा मिळून एकच पासवर्ड, वर्षभराचं सगळं काम त्याच्या आत. मी गेल्या वर्षीच्या अनुभवावरून चार सूचना केल्या. तिने स्क्रीन थोडी स्वतःकडे वळवली, पासवर्ड टाकला आणि मला सांगितला नाही. म्हणाली, बाबा, रागावू नका हं, पण सुरक्षेचा प्रश्न आहे.

मी रागावलो नाही. तिच्या जागी मी असतो, तर मीही मला सांगितला नसता.