एकदाच विचारलंस

॥ श्री ॥
नागपूर,
कार्तिक वद्य एकादशी

प्रिय मुग्धा,

अनेक आशीर्वाद.

काल दिवसभरात कुरिअरवाला तीनदा दारात. बाबांची चाकांची बॅग आली, चार हजार दोनशे नव्व्याण्णव. चालायचे बूट, दोन हजार सातशे. उन्हाची टोपी, तीनशे चाळीस. आणि मानेभोवती घालायची उशी, सहाशे पन्नास. घरात कापसाच्या अकरा उशा असताना ही बारावी, तीही अर्धी. ती घालून बाबा संध्याकाळभर टीव्हीसमोर बसले. मला म्हणतात, "पाहून राहिली का वं? विमानात असंच झोपा लागते." मी म्हटलं, पाहून राहिली.

तुम्ही दोघं कंबोडियाला जानेवारीत जाणार, पण यांची तयारी आतापासूनच. लकडगंजात बाबांच्या वखारीतल्या शेठजींनी सगळ्यांना समोसे वाटले म्हणे. का, तर आपल्या मधुसूदनभाऊंच्या पोरीची डिग्री झाली, मधुसूदनभाऊ आपल्या कार्डाच्या पॉइंटांवर तिला घेऊन फॉरेनला चालले. घरी येऊन बाबांनी हे इतक्या आनंदानं सांगितलं की मी पोळी तव्यावर विसरले. जळली. जळकी मीच खाल्ली, टाकवत नाही.

परवा तू फोनवर म्हणालीस, आई, हल्ली तुटक काहून बोलतेस? बीपी वाढलं का? बीपी बरोबर आहे. आज एकादशी, देवासमोर बसून लिहिते आहे, खोटं लिहिणार नाही. मी चिडले आहे. बाबांवर, तुझ्यावर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर.

बाबांचे पॉइंट म्हणे! क्रेडिट कार्ड त्यांच्या नावावर, कारण मला पगार नाही. पण पाच वर्षं ते पर्समध्ये घेऊन फिरलं कोण? तू आर्किटेक्टचं शिकायला बंगलोरला निघालीस तेव्हा गाडी सुटता सुटता खिडकीतून ओरडली होतीस, "आई, डिग्री झाली ना, की आपण दोघी फॉरेनला जाऊ!" दोघी म्हणाली होतीस. त्याच महिन्यात बँकेतल्या मुलानं सांगितलं की कार्डावर खरेदी केली की पॉइंट पडतात आणि पॉइंटांचं विमानाचं तिकीट होतं. आपल्या घरची खरेदी ती केवढी! तेवढ्यात तर पारशिवनीची एसटीसुद्धा मिळाली नसती. म्हणून मी सगळ्या बिल्डिंगीची खरेदी धरली. कोणाचा फ्रिज, कोणाचा विमा, कोणाच्या लेकराची फी. मी सोबत जायचं, कार्ड घासायचं, त्यांच्याकडून रोख घ्यायची आणि घरी न येता तशीच बँकेत भरायची, म्हणजे व्याजाचा एक पैसा लागायला नको. उन्हाळ्यात दुपारी दोनला गेले आहे. डोक्यावर ओला पंचा घेऊन.

लोक हसायचे. शेजारच्या यमुताईंच्या सुनेचा, नूपुरचा, लग्नाचा सगळा बस्ता मी कार्डावर काढला, तेव्हा यमुताई भर दुकानात म्हणाल्या, "प्रमोदिनी, माह्या मयतीचं सामानही कार्डावरच घेजो वं, तुले दोन पॉइंट भेटतीन." सगळं दुकान हसलं. मीही हसले. मनात म्हटलं, हसा. माझी लेक मला नेणार आहे.

आणि कंबोडिया कोणी काढलं होतं? कीर्तनात बुवांनी सांगितलं की विष्णूचं सगळ्यात मोठं देऊळ समुद्रापार कंबोडियात आहे. तू सुट्टीत आली होतीस, मी घरी येऊन तुला विचारलं, खरं का गं? तू तुझ्या फोनवर चित्र दाखवलंस. पाण्यात पडलेली त्याची सावली पाहून मी हात जोडले, तर तू म्हणालीस, आई, फोनला काय नमस्कार करतेस. बाबांना देवळात न्यायचं म्हटलं तर ते बाहेर चपला सांभाळत उभे राहतात, तुला माहीत आहे.

मग सप्टेंबरातला तो तुझा फोन. मी मेथी निवडत होते, फोन स्पीकरवर, बाबा बाजूला. तू म्हणालीस, "आई, पॉइंट झाले! दोन तिकिटं निघतात, तिसरं नाही. तू येतेस ना?" मी काय म्हटलं? म्हटलं, "मी काहून? बाबांना ने. मला घर आहे, देव आहेत." तू म्हणालीस, "बरं, ठीक आहे." अर्ध्या तासात तिकिटं निघाली, बाबांच्या नावानं.

मुग्धा, अगं, आपल्या घरात पहिल्या नकोला कोणी नको समजतं का? जावई दुसऱ्यांदा नको म्हणाला तरी आपण त्याच्या भातावर तूप ओततो. कोणाच्या घरी चहाला तिसऱ्यांदा हो म्हणायचं, हे मीच तुला शिकवलं. तू आठ वर्षांची होतीस, कुही गावच्या लग्नात वाढप्याला शहाण्यासारखी नको म्हणालीस, तो जिलबीचं ताट घेऊन पुढे गेला, तर परतीच्या बसमध्ये उमरेड रोड लागेपर्यंत रडलीस. "त्यानं पुन्हा विचारलंच नाही," म्हणत. बंगलोरनं तुला काय काय शिकवलं ते चांगलंच आहे, पण हे कसं विसरलीस? त्या अर्ध्या तासात मी मेथीची जुडी हातात धरून बसले होते, की आता पुन्हा फोन येईल.

तुझा दोष निम्माच. निम्मा माझ्या जिभेचा. पहिल्यांदाच हो म्हणणारी पोरगी हावरी, असं माझी आई म्हणायची. मी मॅट्रिक झाले तेव्हा माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ओट्यावर बसून विचारलं होतं, कॉलेजात जातेस का वं? बावन्न टक्के होते मला, गणितात सत्तर. मी खाली बघून म्हटलं, नको. अण्णा म्हणाले, बरं. आठ दिवस मी त्यांच्या पुढेमागे करत होते, पाणी दे, पान दे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दिवाळीनंतर माझं स्थळ आलं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही. सगळ्यांना वाटतं, मला शिकायचंच नव्हतं.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून फोन नाही. फोनवर तू विचारशील आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच निघेल. लिहिताना जीभ मध्ये येत नाही. मला यायचं आहे. फाल्गुनात मी पासपोर्ट काढला आहे. नूपुरनं फॉर्म भरला, पोलीस चौकशीला आले तेव्हा बाबा वखारीत होते, यमुताईंनी साक्ष दिली. तू विचारलंस तेव्हा तो मेथीच्या टोपल्यापासून चार हातांवर, कपाटात होता. त्याची झेरॉक्स सोबत ठेवली आहे. नूपुरनं चौकशी केली. तिकिटावर नाव बदलत नाही, पण तीस तारखेच्या आत बाबांचं रद्द केलं तर पॉइंट परत येतात, थोडा दंड पडतो, तो मी माझ्या घरखर्चातून भरीन. बाबांचं मन मोडेल. वखारीत तोंड दाखवणं जड जाईल, आठ दिवस माझ्याशी बोलणार नाहीत. ते मी बघून घेईन, त्यांना तू काही सांगू नकोस. आणि तुला बाबांनाच न्यायचं असेल तर तसंही लिही, मी राहीन. पण तू ठरवलंस म्हणून लिही, माझ्या नकोवर टाकू नकोस. हो किंवा नाही, एका ओळीत, तुझ्या हातानं लिहून, उलट टपाली कळव.

तुझीच,
आई