खालच्या मजल्यावरचे सर

सोमवार, ११ नोव्हेंबर

नापास! फिजिक्समध्ये. काठावर वगैरे नाही, चांगली धडधडीत नापास. तपासलेला पेपर हातात देताना वर्गशिक्षिका हळूच म्हणाल्या, "खाली जायचा विचार कर. अजून वेळ गेलेली नाही." हळूच म्हणजे, मागच्या बाकापर्यंत नीट ऐकू जाईल इतकं हळू.

आमच्या शाळेत अकरावीला दोन बाजू. पुढे कॉलेजला जाणारे वरच्या मजल्यावर. हातकाम शिकून नोकरीला लागणारे खाली, वर्कशॉपला. सहामाहीनंतर बाजू बदलता येते. पण वरून खाली गेलेल्याकडे लोक असे बघतात, जणू त्याच्या घरी काहीतरी वाईट घडलंय.

खाली फिटरचं काम शिकवणारे सर माझे बाबा आहेत. वर हे कुणालाच माहीत नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

नियम बाबांचाच. मी या शाळेत आले तेव्हा म्हणाले होते, "शाळेत मी सर. उगाच कुणी म्हणायला नको, बापाच्या जोरावर मार्क मिळवते." म्हणून रोज शाळेच्या अलीकडे, झेरॉक्सच्या दुकानापाशी मी स्कूटरवरून उतरते. नियम त्यांचा, फायदा माझा! आडनाव निम्म्या वर्गाचं तेच, त्यामुळे तीही अडचण नाही. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला मी सांगून ठेवलंय — माझे वडील इंजिनिअर, बाहेरगावी असतात. का सांगितलं? तिचे वडील डॉक्टर आहेत म्हणून. बाकी काही कारण नाही.

मुलं बाबांना 'कानस' म्हणतात. कानस म्हणजे लोखंड घासायचं हत्यार. बाबांचा आवाज आहेच तसा खरखरीत. त्यांची नक्कल वर्गात सगळ्यात छान मला जमते. जमणारच! आज मधल्या सुट्टीत परत करायला लावली. "ए, हात चालव, तोंड नको!" सगळे हसून लोळले. मीसुद्धा.

घरी आले तर बाबा माझी सायकल उलटी करून चेन बसवत होते. मी सरळ आत गेले.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आठवड्यातून एकदा वरच्या मुलांनाही वर्कशॉपला जावं लागतं. सगळे कंटाळतात. मी कंटाळल्यासारखं करते.

आज माझी बिजागरी पूर्ण झाली. उघडते, मिटते, कुरकुरत नाही. मी डावखुरी, कानस चालवताना माझं कोपर शेजारच्याला लागतं. म्हणून बाबांनी मला पहिल्याच तासाला कोपऱ्यातलं टेबल दिलं होतं. आज त्यांनी बिजागरी उघडून, मिटवून, उजेडात धरून बघितली. म्हणाले, "बरी आहे." ही त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी. त्या खोलीत हे फक्त मला कळलं.

मी म्हटलं, "थँक्यू, सर."

खरं सांगू? मला खालीच आवडतं. फिजिक्स सुटलं असतं तरी खाली गेले असते... नाही, खोटं. गेले नसते. खाली गेले की माझं सगळं पितळ उघडं पडणार.

शनिवार, १६ नोव्हेंबर

काय करून बसले मी!

आज पालकसभा होती. बाबा सकाळी म्हणाले, "मी आहेच शाळेत. येतो वर." मी म्हटलं, "नका येऊ, कुणाचेच पालक येत नाहीत." ते "बरं" म्हणाले.

सगळ्यांचे पालक आले होते.

सभा सुरू होता होता माईक बंद पडला. शिपायाने खालून बाबांना बोलावून आणलं. ते शिडीवर चढून वायर बघत होते आणि मी नेमकी शिडीखाली, मैत्रीण आणि तिची आई यांच्यासोबत. तिच्या आईने विचारलं, "तुझे बाबा नाही आले गं?"

"ते बाहेरगावी असतात, काकू. इंजिनिअर आहेत."

वर बघायची हिंमत नव्हती. वायरीची खुडबुड मात्र थांबली. मग बाबा खाली उतरले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, जरा बाजूला व्हा. शिडी सरकवायची आहे."

ताई! आणि व्हा!

मी बाजूला झाले.

रविवार, १७ नोव्हेंबर

जेवताना बाबांनी मीठ मागितलं. दिवसभरात माझ्याशी तेवढंच बोलले. आई म्हणाली, "काय गं, बापलेकीचं काही बिनसलंय का?" बाबाच म्हणाले, "छे छे."

शिव्या तरी घालायच्या होत्या.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आज स्कूटर झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेलीच नाही. बाबांनी आधीच्या वळणाआड थांबवली. म्हणाले, "इथे बरं. इथून कुणाला दिसत नाही."

रागाने नाही म्हणाले. एखादी सोय करून द्यावी तसं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी" अगदी ओठांवर आलं होतं, पण तोवर ते वळण घेऊन गेले.

बुधवार, २० नोव्हेंबर

ठरवलं. मी खाली जाणार. म्हटलं, आधी मैत्रिणीला खरं सांगून टाकू, म्हणजे माघार घेता येणार नाही. डबा खाताना कसंबसं म्हटलं, "ऐक ना, वर्कशॉपचे सर आहेत ना, ते माझे बाबा आहेत."

ती खातच राहिली. "माहितीये गं."

"काय माहितीये?"

"सगळ्यांनाच माहितीये. रोज त्यांच्या स्कूटरवरून उतरतेस की! झेरॉक्सवाल्याच्या दुकानात आपलाच अर्धा वर्ग असतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तूच बोलत नव्हतीस. आम्हाला वाटलं, तुमच्या घरात काहीतरी असेल." मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "आणि तू ती नक्कल करायचीस ना... आम्ही हसायचो, पण मला कसंतरीच व्हायचं."

म्हणजे लपवून काहीच लपलं नव्हतं. सगळ्यांच्या देखत मी माझ्या बापाची टिंगल केली, आणि ते सगळे बघत होते की ही कुठवर जाते! आत्ता लिहितानाही कान तापलेत.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

बाबांना सांगितलं. ते बूट पुसत होते.

"वर जमत नाही म्हणून येतेस की आवडतं म्हणून?"

"दोन्ही."

खरं बोलल्यामुळे असेल, जरासे हसले. मग बराच वेळ एकच बूट पुसत राहिले. "रोजचं आहे हां ते. आठवड्यातून एकदाचं नाही. तुला त्रास होईल."

मी म्हटलं, "नाही होणार." एवढंच! वाक्य पुरं करायला काय धाड भरली होती? 'तुमची लाज नाही वाटत मला' — इतकं साधं. नाही निघालं तोंडातून.

बाबा म्हणाले, "ठीक आहे. मी बघतो काय करायचं ते."

पण मी एक ठरवलंय. सोमवारी बाबा हजेरी घेतील. माझं नाव आलं की सगळे म्हणतात तसं "हजर, सर" म्हणायचं नाही. "हजर, बाबा" म्हणायचं. मोठ्याने. हसू देत कोण हसायचं ते. मघापासून आरशासमोर म्हणून बघतेय.

सोमवार, २५ नोव्हेंबर

सकाळी बाबा म्हणाले, "आज तू पुढे हो, मला उशिरा जायचंय." मी सायकलने गेले.

वर्कशॉपमध्ये एक अनोळखी, तरुण सर उभे होते. म्हणाले, आधीच्या सरांनी स्वतःहून संध्याकाळची बॅच मागून घेतली, दिवसा कामावर जाणाऱ्या मोठ्या माणसांची. आता वर्षभर दिवसाच्या बॅचला हे नवे सरच. मग कागदात बघून विचारलं, "डावखुरी कोण आहे? तिला कोपऱ्यातलं टेबल द्या, असं सर सांगून गेलेत."

मी हात वर केला. त्यांनी हजेरी सुरू केली. माझं नाव आलं.

"हजर, सर."