चिकूच्या क्रेटवरचा डीप फ्रीजर

१४ ऑक्टोबर २०१८, रविवार
दूध पुन्हा नासलं. बायको, वर्षा, घराच्या ओट्यावर दुधाच्या आणि ताकाच्या पिशव्या विकते, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून. या उकाड्यात बर्फ सकाळीच पाणी होतो. ती म्हणाली की दसऱ्याला तिची भिशी लागतेय, त्यात एक साधा सिंगल डोअर फ्रीज घेऊ, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एक गिऱ्हाईक राहणार नाही. मी म्हणालो, हे काम माझ्याकडे दे. आमच्या सरावली गावात कोल्ड चेन समजणारा माणूस एकच. घोलवडच्या वाडीत चिकूच्या पॅकिंगवर माझी देखरेख असते. चिकू कोल्डमध्ये ठेवत नाहीत हे खरं, पण तत्त्व तेच.
संकल्प: पूर्ण मार्केट रिसर्च. भावनेच्या भरात खरेदी नाही.

१८ ऑक्टोबर, दसरा
डहाणू रोडला गेलो. पहिल्याच दुकानात वर्षाने एका लाल फ्रीजच्या दारावर हात ठेवला आणि म्हणाली, हाच. दुकानदाराने कुंकवात बोट बुडवलंसुद्धा होतं. मी वेळेवर थांबवलं. दसऱ्याला घेतो तो गिऱ्हाईक, दिवाळीच्या ऑफरला घेतो तो बिझनेसमन. परत येताना रिक्षात वर्षा पूर्ण वेळ बाहेर बघत होती. मुद्दा पटला असावा.

२९ ऑक्टोबर
तलासरीला जाऊन आलो. जतीनभाईच्या शोरूममध्ये ‘बर्फिना’ नावाची कंपनी आहे. नाव फारसं कोणी ऐकलेलं नाही, म्हणूनच स्वस्त. मोठ्या कंपन्या आपल्याकडून जाहिरातीचे पैसे घेतात, हे लोकांना कळत नाही. सिंगल डोअर संपले होते, डीप फ्रीजर होता. जतीनभाईने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला की फ्रीज तो सगळेच घेतात, उमेशभाई, तुम्ही तर धंदावाला माणूस लागो छो. माणसाची पारख असलेला माणूस. मी विचारलं, यात दूध राहील का. तो म्हणाला, बटन कमी करा एटले फ्रीज, वाढवा एटले फ्रीजर. म्हणजे एकाच्या भावात दोन.
येताना बसमध्ये एक कल्पना सुचली: घोलवड चिकू कुल्फी. वर्षाला आत्ताच सांगायचं नाही. सरप्राइज.

५ नोव्हेंबर, धनत्रयोदशी
आणला. टेम्पोतून उतरवताना अख्खी आळी जमली. वर्षाने आधी पुढून पाहिला, मग मागून, आणि विचारलं की याला दार कुठाय. मी वरचं झाकण उघडून दाखवलं. ती म्हणाली, ही तर पेटी. पलीकडच्या जमनाकाकी म्हणाल्या की त्यांचा भाऊ गेला तेव्हा दवाखान्यात त्याला असल्याच एकात ठेवला होता. सणासुदीला काय बोलावं याचा पोच नाही.
आमच्या फरशीला ओल येते, म्हणून वाडीतून चिकूचे रिकामे प्लॅस्टिकचे क्रेट आणून त्यावर फ्रीजर ठेवला, शेजारच्या हाल्याच्या आणि आमच्या घरामधल्या भिंतीला लावून. खालून हवा खेळते. कंपनीच्या कागदावर ‘सपाट व घट्ट जमिनीवर ठेवावा’ असं लिहिलंय. ते सर्वसाधारण ग्राहकांसाठी.

७ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
बटन सगळ्यात कमीवर होतं तरी दूध दगड झालं. काही पिशव्या फुटल्या. हाल्याने एक हातात घेऊन विचारलं की चहात घालायची की भिंतीत. ऐन सणाला वर्षाची गिऱ्हाइकं नाक्यावरच्या डेअरीत गेली. मी समजावलं की गोठलेलं दूध महिनाभर टिकतं, लोकांनाच सवय नाही. ती म्हणाली की माझी भिशी होती ती. मी म्हणालो, गुंतवणुकीत धीर धरावा लागतो. तिने पणत्या लावायला घेतल्या.

१४ नोव्हेंबर, दुपार
घर हललं. खरोखर. तलासरीकडे धक्के बसतायत असं ऐकत होतो, आज आपल्याकडेही. सगळे बाहेर. हाल्याची बायको कमळी हातात पोळपाट घेऊन. मी शांत होतो. बाहेर सगळ्यात आधी मीच पोचलो होतो, त्यामुळे इतरांना धीर देता आला.

१९ नोव्हेंबर
परत धक्का. सगळे बाहेर. थोड्या वेळाने परत. परत बाहेर. तिसऱ्यांदा मला शंका आली. आत जाऊन फ्रीजरला हात लावला. त्याचा कॉम्प्रेसर चालू होताना ‘टक’ असा आवाज येतो आणि मग तो म्हशीसारखा अंग झाडतो. क्रेट थरथरतात, भिंत थरथरते, कमळीची फळीवरची भांडी नाचतात. बाहेर येऊन सांगितलं की काही नाही, आपलंच आहे. जमनाकाकींनी मला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

२ डिसेंबर
हाल्याने घरी भूकंपाचा अलार्म केलाय. थाळीवर ग्लासावर ग्लास उपडे रचतो, हललं की पडतात. आमचा फ्रीजर चालू झाला की दर वेळी पडतात. आज अर्धी दाढी करून बाहेर आला आणि फेस पुसत म्हणाला की उमेशभाऊ, ती तुमची म्हैस क्रेटवरून खाली उतरवा. डहाणूहून मेकॅनिकही येऊन गेला, तोही हेच म्हणाला. दोघांनाही व्हेंटिलेशन कळत नाही.

५ डिसेंबर
तोडगा काढला. साधा, शास्त्रीय. आधी ‘टक’ झालं तर फ्रीजर, नाही झालं तर भूकंप. ‘टक’ फक्त आमच्या घरात ऐकू येतो, म्हणून जबाबदारी मी घेतली. हललं की दारात यायचं आणि हाताचा पंजा दाखवायचा: आपलंच, आत जा. पंजा दाखवला नाही तर पळायचं. वाडीवर असलो तर वर्षाने दाखवायचा, असं ठरवलं. ती म्हणाली, मी असलं काही करणार नाही, मी पळणार. स्त्रियांचा स्वभावच भित्रा.

२३ डिसेंबर, रविवार
पद्धत उत्तम चालली आहे. आज दोनदा हललं, दोनदा पंजा दाखवला, आळी दोनदा आत गेली. जमनाकाकीसुद्धा आता उंबऱ्यात थांबून आधी माझ्या दाराकडे बघतात. तलासरीच्या बाजूला गावंच्या गावं अंगणात ताडपत्री बांधून झोपतात म्हणे. आमच्या आळीत सगळे घरात, गोधडी घेऊन. कोणाच्या जिवावर, हे बोलायची गरज नाही. भूकंपाचा एक अधिकारी तालुक्याला नेमला तर माझ्या अनुभवाचा उपयोग होईल. अर्ज करायचा विचार आहे.

६ जानेवारी २०१९
चिकू कुल्फीचा पहिला लॉट. चिकू वाडीतलेच, थोडे जास्त पिकलेले. रात्री लाइट गेली, कुल्फी विरघळली, पहाटे लाइट आली, पुन्हा गोठली. त्यामुळे आत काचेसारखे खडे झाले. मी याला क्रंची व्हरायटी म्हणणार होतो. वाडीच्या मालकीण भाविनीबेनना चाखायला दिली. त्यांनी दाढेला हात लावला. मग म्हणाल्या की उमेशभाई, तमे पॅकिंगच जुवो, पॅकिंगच सांभाळा. नव्या प्रॉडक्टला मार्केट मिळायला वेळ लागतो.
वर्षाकडे आता दुधाची दोनच घरं उरलीत. तीही शेजारधर्म म्हणून.

१४ जानेवारी
वर्षाने विचारलं की हा चालू ठेवायलाच हवा का, आत बर्फ सोडून काही नाही. मी म्हणालो, यंत्र बंद ठेवलं की बिघडतं. ती म्हणाली, बरं. चर्चेने प्रश्न सुटतात ते असे.

२५ जानेवारी
एक महत्त्वाचं निरीक्षण. फ्रीजर आता अजिबात हलत नाही. आवाजही नाही. जतीनभाईला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, बर्फिना तो सेट थवा थोडो टाइम लेय. सेट व्हायला वेळ लागतो, तेच मी सगळ्यांना सांगत होतो. वर्षानेही त्याला आपलं म्हटलेलं दिसतंय. झाकणावर फुलाफुलांचा कपडा घातलाय, वर पाण्याचा हंडा ठेवते. संसारात असं रमावं लागतं यंत्राला.
लाइट बिलही कमी आलं. बर्फिनाचं एनर्जी सेव्हिंग म्हणतात ते खोटं नाही.

१० फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
नीट लिहून ठेवायला हवं, उद्या लोक भलतंच सांगतील.
दिवे लागायच्या वेळेला हललं. ‘टक’ झालं. मी ऐकलं. शपथेवर सांगतो, ऐकलं. दारात आलो. सगळे आपापल्या उंबऱ्यात, माझ्याकडे बघत. वर्षा तेवढी अंगणात पळाली होती आणि मला खुणा करत होती, त्या मला स्वयंपाकाबद्दलच्या वाटल्या. मी पंजा दाखवला. सगळे आत गेले.
मग दुसरा बसला. मोठा. हाल्याच्या छपराची कौलं घसरून चुलीवरच्या डाळीत पडली. कमळी तेव्हाच पीठ घ्यायला उठली होती म्हणून वाचली. बाहेर आल्यावर तिचे दात वाजत होते. ती मला काही बोलली नाही, हाल्याही नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं.
मी म्हणालो की आज फ्रीजरवर लोड जास्त असेल. जमनाकाकी म्हणाल्या, दाखव. मी हंडा खाली ठेवला, कपडा काढला, झाकण उघडलं. आत कणगीतले तांदूळ, त्यावर पोह्याचे पापड, एका डब्यात सुके बोंबील. वायर गुंडाळून खिळ्याला लावलेली, तिच्यावर वर्षाची बाजाराची पिशवी. तिने सगळ्यांसमोर सांगितलं की संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून बंद आहे, मी तुम्हाला अंगणातून हात करून तेच सांगत होते.
मग तो ‘टक’ कशाचा, हा प्रश्न शास्त्राने सोडवायचा आहे.
तरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तांदळात एक पोरकिडा नव्हता. पापड कडक. बर्फिनाचं झाकण फर्स्ट क्लास.

११ फेब्रुवारी
रजा टाकून हाल्याच्या छपरावर कौलं चढवली. हाल्या खालून कौलं देत होता. मी त्याला म्हणालो की नशीब. तो म्हणाला, कमळीचं. फ्रीजर क्रेटवरून उतरवला. क्रेट वाडीत परत नेले. भाविनीबेननी विचारलं की इतके दिवस कुठे होते. मी म्हणालो, ट्रायलवर.

६ एप्रिल, गुढीपाडवा
वर्षा कमळीला घेऊन डहाणू रोडला गेली आणि लाल सिंगल डोअर घेऊन आली. मला नेलं नाही. बरोबर आहे, रिसर्च मी केलेलाच होता. पैसे कुठून आणले ते विचारलं, तर म्हणाली, आळीतल्या बायका पावसाळ्यासाठी पापड आणि सुकी मासळी तुमच्या पेटीत ठेवणार आहेत, त्यांनी भाडं आधीच दिलंय. म्हणजे फ्रीजरची गुंतवणूक शेवटी फळाला आली. मी धीर धरायला सांगितलाच होता.

१४ एप्रिल, रविवार
दुधाची घरं परत येतायत. फ्रीज गच्च.
सकाळी हललं. सवयीने दारात गेलो आणि पंजा दाखवला. अख्खी आळी धावत बाहेर पडली, जमनाकाकी सगळ्यात पुढे. हाल्याने पळता पळता सांगितलं की आता हाच अलार्म, ग्लासांपेक्षा पक्का. म्हणजे पद्धत अजून वापरात आहे.
पण मी आतच होतो. एकटा. खरं सांगायचं तर पाय हलेनात. तेवढ्यात वर्षा अंगणातून परत आत आली. सगळे तिला नको नको म्हणत होते तरी आली. इतकं सगळं होऊन माझ्यासाठी आली. मी हात पुढे केला.
ती माझ्या बाजूने पुढे गेली. फ्रीजचं बटन बंद केलं, प्लग काढला, दार हाताने दाबून बघितलं. मग म्हणाली, आत आहातच, तर हे धरून उभे राहा, दुसरा बसला तर उघडेल. आणि बाहेर गेली.
दुसरा बसला. मी दार धरून होतो. दूध सांडलं नाही.