मोठ्या सामन्याआधीचं पाणी

१ नोव्हेंबर, शनिवार
जिंकलो. तरी माझं मत बदललेलं नाही. जावई वेड कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कोच, आणि त्याच्या डिफेन्समध्ये, म्हणजे अडवणाऱ्या फळीत, सगळी काटकुळी पोरं. लाइनमधला सर्वांत जाड पोरगा माझ्या फ्रिजच्या निम्मासुद्धा नाही. माझा नवरा डेल्बर्ट होता तेव्हा कॉलेजच्या टीममध्ये दारातून आडवं शिरावं लागणारी पोरं असायची. डेल्बर्ट कोच नव्हता, मैदान राखायचा. पण कोचपेक्षा त्याला जास्त कळायचं. मलाही कळतं.
ठरवलंय, वेडच्या कामात नाक खुपसायचं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
वेड आणि माझी लेक कॉरिन जेवायला. चिली आणि दालचिनीचे रोल. मी फक्त एवढंच म्हटलं, की भिंत जाडच हवी. वेड म्हणाला, "आई, भिंत जागची हलत नाही. बॉल काखेत मारून पळणारा तिला वळसा घालून जातो. मला तिथे आधी पोचणारा हवा."
मी म्हटलं, "पोचून करणार काय? लोंबकळणार?"
तो हसला. कॉरिन हसली नाही. भांडी घासताना म्हणाली, शेवटचा सामना हरलो तर कॉलेज वेडला ठेवणार नाही. आयडाहोत एक नोकरी आहे. सामान भरायला खोकी आणून ठेवलीत.
आयडाहो! गाडीने दोन दिवस.
मी शांत आहे. रोल चार खाल्ले.

६ नोव्हेंबर, गुरुवार
शेवटच्या सामन्याला येणाऱ्या टीमचा फोटो पेपरात. एकेक पोरगा धान्याच्या कोठीएवढा. हार्लन दुकानात भेटला. सामन्याला मैदानाच्या कडेला अंतर मोजायची साखळी धरून उभा असतो, म्हणून स्वतःला पंच समजतो. म्हणाला, "व्हर्लीनबाई, जावयाच्या चिमण्या तुडवणार हे. आयडाहोत बटाटे छान होतात म्हणे."
बोलले नाही त्याच्याशी. त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याशी बोलले.

९ नोव्हेंबर, रविवार
काल सामना नव्हता. लायब्ररीतून जुन्या लढायांवरचं पुस्तक आणलंय. शाळा आठवीत सुटली, पण डेल्बर्ट गेल्यापासून आठवड्याला एक पुस्तक संपवते. घरात कोणाचा तरी आवाज हवा, मग तो मनातल्या मनात का असेना.
पान एकशे बारा. चिलखत घातलेले धिप्पाड घोडेस्वार चिखलात रुतले आणि हलके तिरंदाज जिंकले.
तीनदा वाचलं.

१० नोव्हेंबर, सोमवार
आता लक्षात येतंय. डेल्बर्टही मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानाला भरपूर पाणी सोडायचा! मी नळीचं दुसरं टोक धरून उभी राहायचे. कशाला, ते कधी विचारलं नाही. आणि बहुतेक वेळा आपण जिंकायचो.
पुस्तक आणि डेल्बर्ट, दोघांचं एकमत. आणखी काय हवं?
वेडला सांगणार नाही. नाक खुपसायचं नाही असं ठरलंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
झालं काम. सगळं गाव सामन्याच्या आदल्या रात्रीच्या शेकोटीला गेलं होतं. मैदानावरच्या पाण्याच्या खोलीची किल्ली अजून माझ्याकडेच आहे, कोणी मागितली नाही. डेल्बर्टचे गमबूट घातले, मोठे होतात. अर्धा तास पाणी सोडायचं ठरवलं होतं.
पण नळ उघडल्यावर तो जुना आवाज आला. बाकावर बसले. डेल्बर्ट नळाशी आहे आणि आता हाक मारेल, असं वाटत राहिलं. शेकोटीवरून माणसं परतायला लागली तेव्हा भान आलं. बूट काढून बाकाखाली ठेवले आणि चपला घालून घाईने घरी.
थोडं जास्त झालं असेल. जास्त चिखल, जास्त रुतणं.

१५ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ
आभाळ निरभ्र. महिनाभर पाऊस नाही. कॉरिनला फोन करून सांगितलं, खोकी परत दे. ती म्हणाली, "अगं आई, आज नको."

त्याच दिवशी, संध्याकाळ
तीन गुणांनी हरलो.
ती धिप्पाड पोरं रुतली नाहीत. त्यांना कुठे जायचंच नव्हतं. जागेवर उभी राहून नुसती रेलायची. आपला मार्कीस, सगळ्यांत वेगवान, तीनदा बॉलवाल्यापर्यंत पोचला आणि तीनदा पाय सटकून तोंडावर पडला. शेवटच्या वेळी बॉलवाला त्याच्यावरून चालत गेला. पळत नाही, चालत.
हार्लन साखळी ओढत माझ्यासमोरून गेला. म्हणाला, "काय हो व्हर्लीनबाई, पाऊस तेवढा मैदानावरच पडला का?"

१६ नोव्हेंबर, रविवार
कारणं: १. मार्कीसचे बूट गुळगुळीत. २. पंच. ३. पुस्तकात तिरंदाज होते, आपल्याकडे तिरंदाज नाहीत. हे लेखकाने ठळक लिहायला हवं होतं. पुस्तक उद्या परत करणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
कॉलेजने वेडला कळवलं. शनिवारी निघताहेत.
दुपारी तो एकटाच आला. आत बसला नाही. म्हणाला, "आई, डेल्बर्ट पाणी का सोडायचे, ठाऊक आहे? आपली पोरं तेव्हा हत्तीसारखी असायची आणि समोरून हरणं यायची. चिखल हरणांसाठी होता. या वेळी हरणं आपली होती."
मी म्हटलं, असं का, कोणी सोडलं असेल बरं पाणी?
त्याने काखेतली पिशवी पुढे केली. डेल्बर्टचे गमबूट. स्वच्छ धुतलेले.
"कॉरिनला सांगितलेलं नाही," म्हणाला. "सांगणारही नाही."
मी किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. ती आता कोणाला द्यायची, हे त्यालाही कळेना. तरी त्याने घेतली.

२२ नोव्हेंबर, शनिवार
गेले. कॉरिन म्हणाली, पोचल्यावर फोन करते. म्हणजे सोमवारी.
गमबूट दाराशी उन्हात ठेवलेत. बाहेरून कोरडे झालेत. आतून अजून ओले आहेत.